गाडीच्या पाट्यापासून कॅम्पची सुरी: घरच्या वर्कशॉपमध्ये, पहिल्या ओरखड्यापासून म्यानापर्यंत

माझी पहिली सुरी सुका बांबू फोडताना मुठीच्या तोंडाशी मोडली. पाते बांबूत रुतून राहिले आणि मूठ माझ्या हातात आली. धारेला काहीही झाले नव्हते, कानस तिच्यावरून अजूनही घसरत होती. मोडलेल्या तोंडात मात्र जाड साखरेसारखे दाणे चमकत होते. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापले, की त्याचे कण असे फुगतात. शिवाय पाते मोडले ते नेमके तिथेच, जिथे मी मुठीसाठी काटकोनात खाच पाडली होती. दोन्ही चुका माझ्याच होत्या, आणि दोन्ही टाळणे अगदी सोपे होते.

कॅम्पवर सुरीला कुणी टोमॅटोचे पातळ काप करायला लावत नाही. तिने चुलीसाठी ढलप्या काढायच्या, बांबू चिरायचा, तंबूच्या खुंट्या तासायच्या, पाठीवर दांडक्याचे ठोके खात ओंडका फाडायचा आणि संध्याकाळी कांदाही चिरायचा. म्हणजे तिला मार खाता आला पाहिजे. कडक पोलाद धार टिकवते, चिवट पोलाद मार सोसते, आणि एक वाढवले की दुसरे थोडे कमी होते. या सुरीसाठी माझा कौल कायम चिवटपणाच्या बाजूने असतो. पुढची जवळजवळ प्रत्येक कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे.

माप आणि कायदा

आधी कागदावर माप ठरवा, कारण ते फक्त आवडीवर सोडता येत नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपली सुरी कामाची आहे हे खरे, पण वाद नको म्हणून मी या मर्यादेच्या बराच आत राहतो. पाते १८० मिमी, रुंदी ३८ मिमी, मूठ १२५ मिमी, पाठीची जाडी मुठीपाशी ५ मिमी आणि टोकाकडे ३ मिमी. तयार सुरी साधारण साडेतीनशे ग्रॅम भरते. बांबू तोडायला हे वजन पुरते आणि तासभर चालवली तरी मनगट दुखत नाही.

शहरातून नेताना ती म्यानात, सॅकच्या तळाशी ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश निघतात, त्या दिवसांत ती घरीच राहू द्या. ट्रेकर मित्रांना आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर, राधानगरी ही सगळी अभयारण्ये आहेत. तिथे ही सुरी नेऊ नका आणि जंगलातले लाकूड तर तोडूच नका. ही सुरी शेतावरच्या मुक्कामाची, कोकणातल्या आपल्या बागेतली, नदीकाठच्या खाजगी जागेतल्या कॅम्पची आहे.

पाटा निवडताना

सगळ्यात हाताशी असलेले चांगले पोलाद म्हणजे गाडीचा पाटा, म्हणजे चाकांवरच्या कमानीतली (स्प्रिंगमधली) पोलादी पट्टी. त्यात साधारण अर्धा ते ०.६ टक्के कार्बन असतो, आणि जोडीला मँगनीज व क्रोमियम किंवा मँगनीज व सिलिकॉन. आयुष्यभर खड्ड्यांचे धक्के खाण्यासाठीच ते बनवलेले असते, म्हणजे चिवटपणा त्याच्या अंगातच आहे. बॉल बेअरिंगच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो. ते धार सुंदर धरते, पण घरच्या भट्टीत त्याला नेमके तापमान देणे अवघड जाते आणि मार खायला ते पाट्याइतके तयार नसते. कानशीच्या जुन्या पोलादाचेही तेच. या कामासाठी पाटाच घ्या.

ट्रकचे पाटे बरेच जाड असतात. जीप किंवा पिकअपचा ६-७ मिमीचा पाटा मिळाला तर घासण्याचे दोन दिवस वाचतात. शक्य असेल तर कमानीचे काम करणाऱ्याकडून न वापरलेल्या पाट्याचा तुकडा मागून घ्या. भंगारातला पाटा लाखो झटके खाऊन आलेला असतो. त्यात केसाएवढी चीर असू शकते, आणि पाते कडक करण्यासाठी तापवून तेलात बुडवतो, नेमकी तेव्हा ती उघडते. जुनाच घ्यायचा असेल, तर तो तारेच्या ब्रशने लख्ख करा, त्याला डिझेल लावून अर्धा तास ठेवा, कोरडा पुसा आणि वरून खडू फासा. चीर असेल तर तिच्यातले डिझेल खडूवर ओल्या रेघेसारखे उमटते. रेघ दिसली तर तो तुकडा बाजूला टाका, मोह करू नका. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भागही घेऊ नका.

पोलाद नक्की कोणते हे माहीत नसेल, तर त्याच पाट्याचा बोटभर तुकडा कापून आधी त्याच्यावर सगळा प्रयोग करा. तापवा, तेलात बुडवा, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडा. काचेसारखा मोडला आणि आतले तोंड मखमली राखाडी दिसले, तर पोलादही बरोबर आणि तापमानही बरोबर. दाणे चमकले तर तापमान जास्त झाले. वाकला, मोडलाच नाही, तर एक तर तो कमी तापला किंवा त्या पोलादात कार्बनच नाही. हा अर्ध्या तासाचा प्रयोग मी आजही प्रत्येक नव्या पाट्यासाठी करतो.

छोटी भट्टी

पाटा वाकलेला असतो आणि फार कडकही, म्हणून भट्टी पहिल्याच दिवशी लागते. भट्टीच्या विटा मांडून ४५ सेंमी लांब, १२ सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल चर करा. तळाशी सव्वा इंची काळा लोखंडी पाइप टाका, त्याला दर ४ सेंमीवर ६ मिमीची भोके पाडा आणि एक टोक बंद करा. पाइप जस्ताचा मुलामा असलेला नको. तापल्यावर जस्ताचा जो धूर निघतो तो माणसाला आजारी पाडतो. दुसऱ्या टोकाला हातभाता किंवा ब्लोअर जोडा. लाकडी कोळसा वापरा, तो स्वच्छ जळतो आणि पोलादात गंधक सोडत नाही.

भट्टी उघड्यावर, पण सावलीत हवी. उघड्यावर अशासाठी, की जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि बंद गाळ्यात तो जीव घेतो. सावलीत अशासाठी, की उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग फसवतो, आणि या सगळ्या कामात रंग हाच आपला मुख्य मापक आहे. मी भट्टीचे काम दिवेलागणीच्या सुमारास करतो.

पाटा शेंदरी रंगावर आणा आणि रुळाच्या तुकड्यावर किंवा जाड प्लेटवर ठोकून सरळ करा. तो काळवंडला की थांबा आणि परत तापवा. थंड पाट्यावर मारलेला घाव आत चीर सोडतो. सरळ झाला की शेवटचा एकदा तापवून कोरड्या राखेत खोल पुरा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी तो इतका मऊ झालेला असतो, की कानस चावते आणि ड्रिल आत जाते. ही पायरी वगळून मी एकदा तीन ड्रिलबिट जाळले आहेत.

आखणी आणि कापणी

सुरीचा आकार पुठ्ठ्यावर काढा, कापा आणि हातात धरून पाहा. मुठीचा भाग चारही बोटांना पुरतो का? टोक हाताच्या मधल्या रेषेच्या थोडे खाली येते का? पुठ्ठ्यावर चूक दुरुस्त करायला मिनिट लागते. आकार पटला की पाट्यावर ठेवून टोकदार खिळ्याने ओरखडा काढा. टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, मुठीइतकाच लांब आणि रुंद ठेवा. उंदराच्या शेपटीसारखी बारीक टँग स्वयंपाकघरात चालते, मार खाणाऱ्या सुरीत नाही.

कापायला ४ इंची अँगल ग्राइंडर आणि १ मिमीची कटिंग डिस्क पुरते. गार्ड काढू नका. पूर्ण चेहरा झाकणारी काच लावा. सैल कपडे, ओढणी, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पातळ डिस्क कापाच्या आत वळवली की फुटते, म्हणून वळणाच्या जागी आडवे कापत बसू नका. रेषेपर्यंत एकमेकांच्या जवळ सरळ काप घ्या आणि मधले तुकडे पाडा. रेषेच्या बाहेर २ मिमी सोडा, उरलेले कानशीने उतरवा.

आता ती खाच. धार जिथे संपते आणि मूठ सुरू होते, तिथे गोल कानशीने अर्धगोल वळण द्या, किमान ४ मिमी त्रिज्येचे. पोलादावर ताण आला, की तो सगळा आतल्या कोपऱ्यात गोळा होतो, आणि कोपरा जितका टोकदार तितकी तिथे चीर लवकर पडते. वळण गोल असले की ताण पसरतो. या जागी ग्राइंडरचा ओरखडा आडवा राहिला असेल तर तोही पॉलिश पेपरने उभा घासून मिटवा. माझी पहिली सुरी याच जागी गेली होती.

मुठीत ६ मिमीची दोन भोके पाडा, पुढच्या आणि मागच्या टोकापासून २०-२० मिमीवर. शक्य तर मध्ये आणखी दोन-तीन मोठी भोके पाडा. त्यामुळे वजन कमी होते आणि गोंद आरपार जाऊन दोन्ही फळ्या एकमेकींना धरतात. ड्रिल हळू फिरवा, थेंब थेंब तेल सोडा. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका, फिरता बिट मोजा ओढतो आणि मोज्याबरोबर बोट. भोके आत्ताच पाडा, पाणी दिल्यावर, म्हणजे पोलाद कडक केल्यावर, ती पडणार नाहीत.

उतार काढणे

धारेच्या कडेवर मध्यरेषा काढायची एक सोपी युक्ती आहे. पाट्याची जाडी ५ मिमी असेल तर ५ मिमीचा ड्रिलबिट घ्या. बिट आणि पाते दोन्ही सपाट फळीवर ठेवा आणि बिटच्या टोकाने कडेवर ओरखडा काढा. पाते उलटून दुसऱ्यांदा काढा. दोन रेषा मिळतील, एकमेकींच्या अगदी जवळ, आणि धार त्या दोघींच्या मधोमध येईल.

बेल्ट ग्राइंडर असेल तर उताराचे काम तासाभराचे आहे. नसेल तर फळीवर पाते क्लॅम्पने घट्ट बसवा आणि १२ इंची खरखरीत कानस घ्या. पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना उचला. दर दहा-बारा हातांनी तारेच्या ब्रशने कानशीचे दात साफ करा, अडकलेला कण पात्यावर खोल ओरखडे काढतो. आधी धारेच्या कडेला ठसठशीत उतार काढा, मग तो हळूहळू पाठीकडे सरकवत न्या. याला एक पूर्ण रविवार लागतो. माझ्या मते पहिली सुरी कानशीवरच करावी. ग्राइंडर एका श्वासात जेवढे खातो, तेवढे कानस तासाभरात खाते, आणि त्या तासात हाताला पात्याचा आकार कळतो.

धार आत्ता पातळ करू नका. दीड मिमी जाड ठेवा. पातळ धार भट्टीत पाठीच्या आधी तापते, तिचा कार्बन जळतो आणि तेलात ती लाटेसारखी वाकते. शेवटी सगळे ओरखडे १२० नंबरच्या पेपरने लांबीच्या दिशेने घासून काढा. आडवा खोल ओरखडा म्हणजे चिरेला दिलेले आमंत्रण.

पोलादाला पाणी देणे

लोहार याला पाणी देणे म्हणतात, पण पाट्याच्या पोलादाला पाणी चालत नाही, तेल लागते. पाण्यात ते इतक्या झपाट्याने थंड होते, की चरचरून चीर जाते. शेंगदाण्याचे, सोयाबीनचे किंवा मोहरीचे तेल चांगले. ६-७ लिटर तरी हवे, आणि ते अरुंद, उंच लोखंडी डब्यात. प्लास्टिकची बादली कधीही नको. गाडीचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून लोक वापरतात, पण त्याचा धूर विषारी असतो आणि ते स्वयंपाकाच्या तेलापेक्षा लवकर पेट घेते. डब्याला बसेल असे लोखंडी झाकण आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. तेल पेटले तर झाकण लावायचे. पाणी ओतायचे नाही, पाण्याने पेटते तेल उसळते.

तेल ५५ ते ६० अंशांवर आणा. लोखंडाचा एक तुकडा तापवून त्यात बुडवला की काम होते. कोमट तेल थंड तेलापेक्षा पातळ असते, म्हणून पात्याभोवतीची वाफ लवकर फुटते आणि पाते जास्त एकसारखे थंड होते.

पण तेलाच्या आधी तीन वेळा नॉर्मलायझिंग करा. पाते शेंदरी होईपर्यंत तापवा आणि हवेत टांगून काळे होऊ द्या. दुसऱ्यांदा थोडे कमी तापवा, तिसऱ्यांदा आणखी कमी, पाते चुंबकाला चिकटणे सोडते तिथपर्यंतच. आधीच्या तापवण्याने आणि ठोकण्याने फुगलेले कण प्रत्येक फेरीत बारीक होतात आणि पोलादात दडलेला ताण मोकळा होतो. याच फेऱ्यांत पाते वाकते का ते दिसते. वाकले तर आत्ताच सरळ करा. या तासाभराच्या कामाने पात्यावर काहीच फरक दिसत नाही, म्हणून बरेच जण ते टाळतात. माझ्या मोडलेल्या सुरीत जे जाड दाणे होते, ते याच टाळाटाळीचे फळ होते.

आता खरे तापमान. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटणे सोडते. ही खूण पक्की आहे, पण ती थोडी अलीकडची आहे, आपल्याला ८३० च्या आसपास जायचे आहे. इथे घरातले मीठ मदतीला येते. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळते. चुंबकाने सोडले की पात्याच्या सपाट भागावर चिमूटभर मीठ टाका. ते वितळून पाण्यासारखे पसरले की ८०० पार झाले. तिथून रंग अगदी एक छटा उजळू द्या. नजर सवयीची झाली की आणखी एक खूण दिसते. योग्य तापमानाजवळ पात्याच्या आत एक सावली सरकते, आणि ती विरली की पोलादाचा आतला बदल पूर्ण झालेला असतो. ही सावली फक्त अंधारात दिसते.

भाता सतत मारू नका. आच हळू द्या, पाते निखाऱ्यात पुढे-मागे सरकवत राहा, टोक आणि धार सर्वांत आधी तापतात म्हणून पाठ खाली ठेवा. सगळ्या पात्याचा रंग एकसारखा झाला की तो तसाच ३ ते ५ मिनिटे धरा. क्रोमियमच्या पोलादाला ही थांबण्याची वेळ लागते, नाहीतर कार्बन पुरता विरघळत नाही. रंग वाढू लागला तर बाहेर काढून क्षणभर थांबा.

मग सांडशीने उचला आणि न थांबता, टोक खाली करून सरळ तेलात. हात फक्त वर-खाली किंवा धार-पाठ या दिशेने हलवा. डावीकडे-उजवीकडे हलवले की एक बाजू आधी थंड होते आणि पाते वाकते. तेल भडकून पेटते तेव्हा घाबरून पाते वर काढू नका. पूर्ण बुडालेले राहू द्या, ज्वाला विझते. दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढा. पाते अडीचशे अंशांच्या खाली उतरेपर्यंत काही क्षण मिळतात. तेवढ्यात वाक दिसला तर जाड मोजे घालून दोन फळ्यांच्या मध्ये दाबून सरळ करता येते. त्यानंतर हात लावू नका, ते आता काचेसारखे ठिसूळ आहे.

हाताला सोसेल इतके थंड झाले की कानस लावून पाहा. वरचा जळलेला पापुद्रा थोडा चावेल, त्याखाली कानस काचेवर घसरल्यासारखी घसरली पाहिजे. घसरली नाही तर पुन्हा नॉर्मलायझिंग आणि पुन्हा तेल.

हे काम घरी नकोच असेल तर औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंट करून देणारे असतात. त्यांना पोलादाचे नाव नेमके सांगावे लागते. त्यासाठी मग नवा, नाव माहीत असलेला पाटाच घ्यावा.

टेंपर, म्हणजे चिवटपणा परत आणणे

तेलातून निघालेले पाते रात्रभर तसेच ठेवू नका. ताण इतका असतो, की कधी कधी ते टेबलावर पडल्या पडल्या चिरते. तेल पुसा, साबणाने धुवा आणि त्याच दिवशी ओटीजीमध्ये, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, ठेवा. ओटीजीच्या चकतीवर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरून पाते त्यावर ठेवले की आच वर-खाली होत नाही. २१० ते २२० अंशांवर दोन तास, मग खोलीच्या तापमानापर्यंत थंड, मग पुन्हा दोन तास. घासलेल्या जागी सुक्या गवताचा पिवळा रंग येईल. फक्त धारेचाच विचार केला असता तर मी २०० वर थांबलो असतो. या सुरीसाठी वरचे दहा-वीस अंश हवेत.

पाठीला टॉर्चने निळा रंग चढवून ती मऊ करायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी तो पाळत नाही. निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो आणि २६० ते ३७० हा पट्टा पाट्यासारख्या बऱ्याच पोलादांत उलट ठिसूळपणा आणतो. एकसारखे टेंपर केलेले, बारीक कणांचे पाते पाठीवर ठोके खायला पुरेसे चिवट असते.

घासून पातळ करणे

आता धार ०.७ मिमीच्या आसपास आणा. इथून पुढे पाते नुसत्या हाताने धरा आणि प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवा. हाताला चटका बसला म्हणजे पोलादालाही बसला. धारेवर निळा डाग उठला तर त्या जागेचा कडकपणा गेला, तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. मास्क लावा, पोलादाची धूळ फुप्फुसातून परत येत नाही. शेवट २२० आणि मग ४०० नंबरच्या ओल्या पेपरने, सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. आरशासारखी चकाकी या सुरीला नको, पहिल्याच बांबूवर ती जाईल.

मूठ

लाकडात माझी पहिली पसंती धावडा. कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी तो पूर्वीपासून वापरतात, कारण ठोके तो पचवतो. शिसव दिसायला देखणी, बाभूळ स्वस्त आणि दणकट. शिसवीची धूळ काहींना खाज आणि खोकला देते, म्हणून मास्क काढू नका. लाकूड वर्षभर सुकलेले हवे. ओले लाकूड उन्हाळ्यात आक्रसते आणि टँगची कड बाहेर येऊन तळव्याला टोचते.

१० मिमी जाडीच्या दोन फळ्या काढा. त्यांची पुढची टोके, पात्याकडची, आधीच गोल करून पॉलिश करा. चिकटवल्यावर तिथे पेपर नेला की पात्यावर ओरखडे पडतात. टँग खरखरीत घासा, थिनरने पुसा आणि मग बोट लावू नका. अराल्डाइट घ्या तो सावकाश धरणारा, पाच मिनिटांत धरणारा धक्क्याने सुटतो. ६ मिमीची पितळी कांडी रिवेट म्हणून आरपार घाला. क्लॅम्प हलकेच आवळा, जोरात आवळला की गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. पात्यावर आलेला गोंद लगेच पुसा. चोवीस तास थांबा. रिवेट ठोकून पसरवायचे असतील तर छोट्या हातोडीने, हलक्या हाताने, लाकूड चिरत नाही ना हे बघत.

आकार देताना मधोमध थोडा फुगवटा आणि मागे करंगळीखाली आकडा ठेवा. घामाने किंवा पावसाने ओला झालेला हात जोरात फिरवला, तर सुरी निसटू न देणारा तोच आकडा. कोयत्याच्या जुन्या मुठी बघा, मागे जाड झालेल्या असतात त्या याच कारणाने. मूठ फार गुळगुळीत करू नका, २२० नंबरवर थांबा. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, दर हातानंतर एक दिवस सुकू द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटते. त्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

धार आणि चाचणी

धार दोन्ही बाजूंनी २० ते २२ अंश. निसण्याच्या खरखरीत बाजूवर एका बाजूने घासा, दुसऱ्या बाजूला बारीक तार उभी राहिलेली नखाला लागली की बाजू बदला. मग बारीक बाजू आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर दहा-वीस हात. शेवटचा अर्धा मिमी किंचित फुगीर ठेवला, तर बांबूच्या गाठीवर धार टिकते.

चाचणी घेतल्याशिवाय सुरी कुणाला देऊ नका, स्वतःही नेऊ नका. ६ मिमीची पितळी कांडी आडवी धरून धार तिच्यावर हलकेच दाबा आणि सरकवा. दाबाखाली धार किंचित झुकून परत सरळ झाली पाहिजे. झुकलेलीच राहिली तर ती मऊ आहे. तिचा दात पडला तर ठिसूळ आहे, मग मूठ उतरवून आणखी दहा अंश जास्त तापमानावर पुन्हा टेंपर करा. त्यानंतर वाळलेल्या बांबूवर पन्नास घाव घाला आणि मनगटाएवढा ओंडका पाठीवर दांडक्याने ठोकत फाडा. दांडके लाकडीच घ्या. चेहरा झाकलेला असू द्या, समोर कुणी नको. मग उन्हात धार आडवी धरून पाहा. कुठे चमक दिसली तर तिथे ती बोथट झाली आहे. मुठीजवळच्या त्या अर्धगोल वळणावर पुन्हा डिझेल आणि खडू लावून पाहा.

म्यान

कोल्हापुरी चपलेचे, झाडांच्या सालीत कमावलेले कातडे ३ मिमी जाडीचे घ्या. दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, त्याच कातड्याची पट्टी शिवा, नाहीतर धार काही दिवसांत दोराच कापते. मेण लावलेला जाड दोरा, दोन सुया, दुहेरी टाका. मुठीला एक अडकवणी द्या.

घरी ठेवताना सुरी म्यानात ठेवू नका. कातडे ओल धरते, आणि कोकणच्या पावसात आठवड्याभरात पात्यावर तांबेरा चढतो. धुऊन लगेच कोरडी करा, पात्याला खोबरेल तेलाचा एक पुसट हात द्या आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी टांगा. मूठ कोरडी पडून पांढुरकी दिसू लागली, की पुन्हा जवसाचे तेल.